बर्फावरची शर्यत आणि नावाची पत

आमच्या बहुतेक वाचकांचा बर्फाशी परिचय म्हणजे उन्हाळ्यातील सरबताचा पेला आणि गोळेवाल्याची हातगाडी, एवढाच असावयाचा. ज्यांनी काश्मीर किंवा बद्रीनाथ पाहिले असेल त्यांची गोष्ट निराळी. अशा आम्हां मंडळींना जर कोणी सांगितले, की आल्प्स पर्वताच्या उतारावरून पायांना लांब फळ्या बांधून दोन मिनिटे घसरत आलेला एक तरुण त्या दोन मिनिटांच्या बळावर पुढे जन्मभर संपन्न राहिला, तर ते सहजी पटणार नाही. शर्यत जिंकली तर पदक मिळेल, गावी मिरवणूक निघेल. पण पदक काही रोज मोडून खाता येत नाही. मग हे धन आले कोठून, दिले कोणी, आणि देणाऱ्याने ते कशाच्या मोबदल्यात दिले? प्रश्न वरवर खेळाचा दिसला तरी तो मुळात बाजाराचा आहे, आणि म्हणूनच तो आम्हांला विद्यार्थ्यांच्या अभ्यासास योग्य वाटला.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. स्की म्हणजे टोकाशी वर वळलेली लांब, अरुंद फळी. ती दोन्ही पायांतल्या बुटांना घट्ट बसवितात. पूर्वी ती लाकडाची असे. १९५० च्या सुमारास विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकन अभियंत्याने धातूची स्की बाजारात आणली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; ते पुढे पुन्हा यावयाचे आहे. शर्यतींचे मुख्य प्रकार त्या काळी तीन होते. डाउनहिल म्हणजे सरळ वेगाची उतरण, स्लॅलम म्हणजे जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरणे, आणि जायंट स्लॅलम या दोहोंच्या मधला. स्पर्धक एकदम सुटत नाहीत. एकेकटा येतो, एकटाच उतरतो, आणि घड्याळाशी झुंजतो. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजते.

आता आमच्या कथानायकाकडे वळू. ज्याँ-क्लोद किली याचा जन्म १९४३ साली पॅरिसजवळ झाला. महायुद्ध संपल्यावर त्याच्या वडिलांनी आपले बिऱ्हाड आल्प्समधील व्हाल दीझेर या गावी हलविले व तेथे स्कीचे दुकान घातले. मुलाचे लक्ष पुस्तकांपेक्षा खिडकीबाहेरच्या उतारावर अधिक. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. (हे आम्ही केवळ माहितीसाठी सांगत आहोत, अनुकरणासाठी नव्हे.) १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याच्या वाट्याला जायंट स्लॅलममधील पाचव्या क्रमांकापलीकडे काही आले नाही. पण १९६६ साली चिली देशात झालेल्या जागतिक स्पर्धेत तो डाउनहिलचा विजेता ठरला, आणि १९६७ मध्ये प्रथमच भरलेल्या विश्वचषक मालिकेत पुरुषांच्या सतरा शर्यतींपैकी बारा शर्यती त्याने जिंकल्या. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे १९६८ साली हिवाळी ऑलिंपिक भरले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि साऱ्या देशाचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

तेथे त्याने तिन्ही सुवर्णपदके जिंकली. असा पराक्रम त्याआधी फक्त ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने १९५६ मध्ये केला होता. पण आम्हांला येथे पदकांपेक्षा अंतरे महत्त्वाची वाटतात. जायंट स्लॅलममध्ये किली दोन सेकंदांहून अधिक फरकाने पुढे होता; तो विजय निर्विवाद. डाउनहिलमध्ये मात्र त्याला १ मिनिट ५९.८५ सेकंद लागले, आणि त्याच्याच देशाचा गी पेरिया याला १ मिनिट ५९.९३ सेकंद. अंतर फक्त आठ शतांश सेकंदाचे. स्लॅलममध्ये ऑस्ट्रियाचा हर्बर्ट हूबर त्याच्या मागे राहिला तो नऊ शतांशांनी. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. डाउनहिलचा मार्ग सुमारे २,९०० मीटरांचा होता. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला चोवीस मीटरांच्या आसपास पडतो, आणि आठ शतांश सेकंदात माणूस जेमतेम दोन मीटर पुढे जातो. तीन किलोमीटरांच्या उतरणीत दोन मीटर, म्हणजे एका खाटेची लांबी! एवढ्याशा अंतराने एकाचे नाव जगाच्या पाठीवर घरोघर पोहोचले आणि दुसऱ्याचे खेळाच्या जाणकारांपुरते उरले. पेरिया काही लहान खेळाडू नव्हता. पण बाजाराला पहिल्याचेच नाव लागते. त्याच ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे जेरेमी बुजाकोव्स्की नावाचा एक स्पर्धकही स्कीच्या शर्यतींत उतरला होता. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

पण या पराक्रमाचा पैसा करावयास तेव्हा कायद्याची आडकाठी होती. ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी, असा नियम होता. ज्याने आपल्या खेळापासून एक पैही कमावली तो धंदेवाईक ठरे व त्याला दार बंद होई. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज हे या तत्त्वाचे कडवे रक्षक. ते १९५२ पासून १९७२ पर्यंत त्या पदावर होते. प्रत्यक्षात मात्र वर्षाचे बारा महिने सराव करणाऱ्या तरुणाने खावे काय, याचे उत्तर नियमात कोठेच नव्हते. मग प्रत्येक देशाने आडवाट काढली. कोठे खेळाडूचे नाव जकात खात्याच्या पटावर घालीत, कोठे पोलिसांत, कोठे लष्करात. स्की तयार करणारे कारखानदारही दारामागून काही ना काही देत. सर्वांना सर्व ठाऊक होते, आणि बोलत कोणीच नव्हते. आमच्या मते त्या नियमातील खरा दोष हा होता, की त्याने लोभ थांबविला नाही, फक्त लपवावयास शिकविले.

ग्रेनोब्ल येथे ब्रंडेज यांनी हट्ट धरला, की खेळाडूंच्या स्कीवर कारखान्यांची नावे दिसता कामा नयेत. कारखानदारांनी गिल्ला केला. अखेर तडजोड निघाली ती अशी, की नावे राहू द्यावीत, पण शर्यत संपताच, छायाचित्रे घेण्यापूर्वी, स्की काढून घ्याव्यात. त्याप्रमाणे डाउनहिल जिंकून किली खाली येताच त्याच्या स्की काढून घेण्यात आल्या. तेवढ्यात त्याचा मित्र व स्कीची निगा राखणारा कारागीर मिशेल आर्पां धावत आला आणि त्याने विजयी वीराला मिठी मारली. या मित्राजवळ स्कीची एक जोडी होती, आणि तिच्यावरची कारखान्याची खूण छायाचित्रकारांच्या नेमकी समोर आली! कायदा एका दाराने बाहेर घालवितो ते खिडकीतून आत येते, याचे याहून गमतीदार उदाहरण आम्हांस आठवत नाही.

येथे कोणी विचारील, की एका खुणेसाठी एवढा आटापिटा कशाला? याचे उत्तर समजल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही. स्कीचे कारखाने शर्यतवीरांना स्की विकून चालत नाहीत. शर्यतवीर असतात मूठभर, आणि त्यांना स्की बहुधा फुकटच मिळतात. कारखाना चालतो तो सुटीत डोंगरावर जाणाऱ्या लाखो सामान्य माणसांवर. या माणसांपैकी कोणालाही दुकानात उभे राहून दोन फळ्यांतील चांगली कोणती हे ओळखता येत नाही. त्याला विश्वास ठेवावयास काहीतरी हवे असते. आपल्याकडे पूर्वी सराफाची हुंडी शेकडो कोसांवर वटत असे. ती कागद मोलाचा म्हणून नव्हे, तर सही करणाऱ्याची पत होती म्हणून. विजेत्याचे नाव ही अशीच एक हुंडी होय. तो जणू म्हणतो, मी या फळीवर माझा जीव टाकला, तुम्ही चार पैसे टाकावयास हरकत नाही. या पतीची किंमत कारखानदार देतो आणि ती मालाच्या किमतीत मिळवून शेवटी आपल्या गिऱ्हाइकाकडूनच वसूल करतो. विजेत्याला पैसा देणारा खरा धनी म्हणजे दुकानातला तो अनोळखी गिऱ्हाईक. कारखानदार हा मधला.

ग्रेनोब्लनंतर त्याच हंगामाच्या शेवटी किलीने हौशी शर्यतींतून निवृत्ती घेतली, आणि नियमाची बेडी गळून पडली. त्याने अमेरिकेचा रस्ता धरला. तेथे मार्क मॅकॉर्मॅक नावाचा एक वकील होता. गोल्फपटू आर्नोल्ड पामर याचे व्यवहार सांभाळण्यापासून आरंभ करून त्याने खेळाडूंच्या वतीने करारमदार करण्याचा एक नवाच धंदा १९६० च्या सुमारास उभा केला होता. खेळाडूने खेळावे, भाव मॅकॉर्मॅकने ठरवावा आणि आपली दलाली घ्यावी. किली त्याच्या पेढीशी करारबद्ध झाला. लवकरच शेव्हरोले मोटारींच्या जाहिरातींत त्याचा चेहरा दिसू लागला. पुढे घड्याळे, कपडे आणि इतर अनेक वस्तूंच्या मागे त्याचे नाव उभे राहिले. १९७२ साली त्याने एका चित्रपटातही काम केले. पण अभिनयाचे पदक कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

या सर्व करारांत आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो स्कीचा. किलीने आपले विजय फ्रेंच बनावटीच्या स्कीवर मिळविले होते. पण वर्ष-दीड वर्षातच अमेरिकेतील हेड कंपनीने ‘किली’ हे नाव घातलेली स्की बाजारात आणली. हेड म्हणजे तीच, वर सांगितलेल्या अभियंत्याची कंपनी. ज्या फळीवर त्याने पदक जिंकले नव्हते तिच्यावर त्याचे नाव छापले गेले आणि ती खपली. हुंडीची उपमा येथे थोडी लंगडी पडते, हे आम्ही मान्य करतो. सराफ आपल्या स्वतःच्या धनाच्या आधारे सही करी. येथे सही एकीकडच्या पुण्याईची आणि माल दुसरीकडचा. मोटारीच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला. उतारावर उत्तम घसरणाऱ्या माणसाला मोटारीच्या यंत्राविषयी तुमच्या-आमच्यापेक्षा अधिक काय कळणार? तरी लोक घेतात. कारण आता ते विश्वास विकत घेत नसून त्या तरुणाचा उमदेपणा, त्याचे यश, त्याचे हसू यांतील एक कवडसा आपल्या अंगणात पडावा म्हणून पैसे मोजीत असतात. हे फसवणूक म्हणावे असे आम्हांला वाटत नाही, पण निखळ सत्यही ते नव्हे. ‘अमका खेळाडू हे वापरतो’ असे कोठे वाचलेत, तर वापरतो म्हणून त्याचे नाव आहे की नाव दिले म्हणून वापरतो, एवढा प्रश्न मनाशी विचारून पाहावा.

आणि हा पैसा फुकटचा येतो असेही नाही. हंटर थॉम्पसन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७० साली किलीवर एक दीर्घ लेख लिहिला. मोटारींच्या प्रदर्शनात गर्दीपुढे उभे राहणे, तेच हसू पुन्हा पुन्हा हसणे, तीच वाक्ये पुन्हा पुन्हा बोलणे, यांत गुंतलेला एक सभ्य, थकलेला तरुण त्या लेखात दिसतो. लेखक तिखट लेखणीचा होता, तेव्हा त्याचे सर्वच घेण्याचे कारण नाही. पण कीर्तीची मजुरी ही देखील मजुरीच असते, एवढे त्यावरून कळते. डोंगरावर तो घड्याळाशी झुंजत होता; येथे त्याला वेळापत्रकाशी झुंजावे लागले. पुढे १९७२-७३ च्या हंगामात तो अमेरिकेतील व्यावसायिक स्की-शर्यतींत पुन्हा उतरला आणि त्यांतही विजेता ठरला. खरी कसोटी लागली ती मात्र नंतर. शर्यती थांबल्यावर बहुतेकांचे नाव दोन-चार हंगामांत विरून जाते. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांची गर्दी मावळत्याकडे पाठ फिरविते. किलीने आपले नाव राबवून झिजविले नाही, कामात गुंतविले. १९९२ च्या आल्बेरव्हील हिवाळी ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा तो सह-अध्यक्ष होता, आणि १९९५ पासून १९ वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य. ज्या समितीच्या नियमामुळे त्याच्या स्की काढून घेतल्या गेल्या होत्या, तिच्याच बैठकीत तो मानाने बसला.

सर्वांचेच नशीब असे नव्हते. ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्त्स हा किलीचा मोठा प्रतिस्पर्धी. सांक्ट आन्टोन गावचा, रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा, घरची गरिबी. ग्रेनोब्लच्या स्लॅलममध्ये धुके होते. आपल्या मार्गात कोणी आडवे आले अशी त्याने तक्रार केली, त्याला पुन्हा धावू देण्यात आले, तो किलीहून जलद ठरला, आणि मग पंचांनी त्याला बादच केले. चार वर्षांनी, १९७२ साली, जपानमधील साप्पोरो येथे तो शेवटची संधी साधावयास गेला. वय तेहतीस. जागतिक विजेतेपदे पदरी होती. ऑलिंपिकचे सुवर्णपदक तेवढे नव्हते. उद्घाटनाला तीन दिवस उरले असता ऑलिंपिक समितीने २८ विरुद्ध १४ मतांनी त्याला स्पर्धेबाहेर काढले. त्याच्या नावाचा व छायाचित्राचा जाहिरातीसाठी उपयोग झाला, हा त्याचा अपराध. एका फुटबॉल सामन्यात कॉफीची जाहिरात असलेला सदरा घातलेले त्याचे छायाचित्रही पुढे करण्यात आले होते. इतरांचे हात स्वच्छ होते असे कोणीच म्हणत नव्हते. पण उदाहरण घालून द्यावयाचे ते याच्यावर, असे ठरले. श्रान्त्स म्हणाला त्याचा आशय असा, की ब्रंडेजसाहेबांचे तत्त्व शेवटपर्यंत नेले तर ऑलिंपिक ही केवळ धनवंतांची स्पर्धा होईल. ब्रंडेज हे शिकागोचे कोट्यधीश बांधकाम-व्यावसायिक, हे येथे सांगितले पाहिजे. न्याय्य बोलावयाचे तर त्यांनी स्वतःही तरुणपणी, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, विनामूल्य घाम गाळला होता, आणि त्यांची तत्त्वनिष्ठा ढोंगी नव्हती. पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही त्याने चुलीसाठी कमावणाऱ्याला अशुद्ध ठरवावे, हे आमच्या मनाला पटत नाही.

श्रान्त्स परत आला तेव्हा व्हिएन्नाच्या रस्त्यांवर हजारोंच्या संख्येने माणसे लोटली, आणि देशाचे चॅन्सेलर ब्रूनो क्राइस्की यांनी त्याचे स्वागत केले. विजेत्याचे व्हावे तसे स्वागत, एकही शर्यत न धावलेल्या माणसाचे! त्यानंतर त्याने स्पर्धांचा निरोप घेतला.

त्याच वर्षी ब्रंडेज निवृत्त झाले, आणि १९७४ मध्ये ‘हौशी’ हा शब्दच ऑलिंपिकच्या नियमांतून गळाला. तरी गाठ पूर्ण सुटली नव्हती. स्वीडनच्या उत्तरेकडील तार्नाबी नावाच्या लहानशा गावातून आलेला इंगेमार स्टेनमार्क हा फार थोडे बोलणारा खेळाडू. पण विश्वचषकाच्या ८६ शर्यती त्याने जिंकल्या. तो सारी कारकीर्द तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील एलान या कारखान्याच्या स्कीवर धावला, आणि आडबाजूच्या गावातल्या त्या कारखान्याचे नाव त्याच्यामुळे जगभर झाले. कीर्तीला वाचाळपणा लागत नाही याचा हा पुरावा. जाहिरातींचे पैसे संघटनेच्या हातून न घेता थेट स्वतः घेण्याचा परवाना त्याने घेतला होता. तेवढ्यावरून १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकचे दार त्याला बंद झाले. १९८० मध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेली लिश्टेनश्टाइनची हानी वेंत्सेल हिचेही तेच झाले. थोड्याच वर्षांत व्यावसायिकांना ऑलिंपिकमध्ये घ्यावयाचे की नाही हे त्या त्या खेळाच्या संघटनेवर सोपविण्यात आले, आणि जुना वाद निमाला.

आज स्की-शर्यतवीराच्या मिळकतीचे ओघ उघड आहेत. विश्वचषकाच्या शर्यतींना रोख बक्षिसे असतात. ऑस्ट्रियातील कित्सब्यूल येथील प्रसिद्ध डाउनहिलच्या विजेत्याला लाखभर युरोच्या घरात रक्कम मिळते. पण अव्वल खेळाडूच्या बाबतीत मोठा ओघ बक्षिसांचा नसून करारांचा असतो. स्की आणि बूट पुरविणारा कारखाना ठरीव वेतन देतो आणि प्रत्येक विजयाला वर काही. त्याखेरीज शिरस्त्राणाच्या कपाळावरची चार बोटांची जागा! दूरचित्रवाणीवर खेळाडू बोलत असता ती जागा सतत डोळ्यांसमोर असते, म्हणून ती अंगावरील सर्वांत महाग जमीन समजावी. अंगातला पोशाख बहुधा राष्ट्रीय संघटनेचा असतो, आणि त्यावरच्या जाहिरातींचे पैसेही तिचेच.

येथेच आजचे भांडण आहे. नॉर्वेचा लुकास ब्राथेन याने २०२३ च्या ऑक्टोबरात, ऐन तेविशीत, निवृत्ती जाहीर केली. कारण, आपल्या नावावर आणि प्रतिमेवर हक्क आपला की संघटनेचा, हा वाद मिटेना. २०२४ मध्ये तो परतला तो आईच्या देशाचा, ब्राझीलचा झेंडा घेऊन. संघटनेची बाजूही अगदीच पोकळ नाही. पोरवयातल्या खेळाडूला डोंगरावर नेणे, शिकविणे, त्याच्या पडझडीचा खर्च सोसणे हे तिनेच केलेले असते, आणि त्यांतले शेकडा नव्वद कधीच विजेते होत नाहीत.

पडझड हा शब्द आम्ही सहज लिहिला नाही. ऑस्ट्रियाचा हेर्मान मायर हा एके काळी गवंडीकाम करणारा तरुण. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या डाउनहिलमध्ये तो हवेत भिरकावला जाऊन कुंपणापार आदळला; तीन दिवसांनी उभा राहून त्याने सुवर्णपदक जिंकले, आणि नंतर दुसरेही. २००१ च्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय जाता जाता वाचला. २००३ च्या जानेवारीत तो पुन्हा शर्यतीला उभा राहिला, आणि त्याच महिन्यात कित्सब्यूलला जिंकला. करारपत्रांवर ज्या नावाची सही असते त्याच्या पायातील हाड असे कोणत्याही वळणावर मोडू शकते. अमेरिकेची मिकेला शिफ्रिन हिने स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम २०२३ मध्ये मोडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शंभरावा विजय मिळविला, तो दोन-अडीच महिने दुखापतीमुळे दूर राहून परतल्यानंतर.

या शर्यती कधी दूरचित्रवाणीवर पाहावयास मिळाल्या, तर वाचकांनी विजेत्याच्या हातांकडे लक्ष द्यावे. रेषा ओलांडून, थांबून, धाप टाकीत तो फलकावरची आपली वेळ पाहतो, आणि लगेच वाकून पायातील स्की सोडवितो. ती तो उभी धरतो, चेहऱ्याला अगदी लागून, कारखान्याचे नाव कॅमेऱ्याकडे करून. आता ती काढून घ्यावयास कोणी येत नाही.